अगोदर कान, मग जीभ
शास्त्रपाठ : मार्क ७:३१-३७



दकापलीस प्रांतात लोकांनी प्रभू येशूकडे एक बहिरा मनुष्य आणला. त्याला नीट बोलताही येत नव्हते. प्रभूने त्याला गर्दीतून एकीकडे नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर पाहून उसासा टाकला आणि मगच 'इप्फाथा' हा शब्द उच्चारला. जो ऐकू शकत नव्हता, त्याच्याशी प्रभू आधी हातांनी बोलला. हा क्रम आपण सहसा घाईने वाचून पुढे जातो. प्रथम कान, नंतर जीभ.

आजही आईबाप बालरोगतज्ज्ञांकडे मूल घेऊन येतात, तेव्हा तक्रार जिभेची असते. "दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही." जाणता वैद्य अगोदर कान तपासावयास सांगतो, कारण जे कधी कानी पडलेच नाही, ते मुखावाटे कसे यावे? हाकेला ओ न देणारे मूल कधी ऐकू न येणारे असते, तर कधी स्वमग्न किंवा अन्य रीतीने विकासात मागे पडलेले असते. वरवर पाहून हा भेद कळत नाही.

घरी ताट वाजवून केलेली परीक्षाही फसवी ठरते. मूल आवाजाने नव्हे, तर हालचालीने किंवा कंपनानेही वळते. शिवाय जन्मतः बहिरे अर्भकदेखील पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. म्हणून नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांस आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असे तज्ज्ञ सांगतात. ही चाचणी निजलेल्या बाळाला काही मिनिटांत, वेदनेविना करता येते. अपुऱ्या दिवसांचे, तीव्र काविळीचे किंवा मेंदुज्वरातून वाचलेले बाळ असेल, तर मुळीच हयगय करू नये. श्रवणयंत्र असो वा कॉक्लियर इम्प्लांट, भाषा शिकण्याची पहिली वर्षे निघून गेल्यावर त्याचा लाभ उणावतो.

येथेच आपल्या मंडळ्यांतील एक सवय बोचते. "बापही उशिरा बोलला होता, प्रार्थना करू आणि वाट पाहू." प्रार्थना अवश्य करावी, वाट पाहण्याची आज्ञा या शास्त्रपाठात मला आढळत नाही. त्या लोकांनी विनंती केली खरी, परंतु त्या मनुष्याला सोबत घेऊन येऊन केली. दुसरी सवय याहून क्रूर आहे. ती म्हणजे आईला कोपऱ्यात गाठून कोणाचे पाप भोवले, हे विचारणे. शिष्यांनी जन्मांधाविषयी हाच प्रश्न केला आणि प्रभूने तो तर्क साफ नाकारला (योहान ९). गरोदरपणातील रुबेला, सख्ख्या नात्यांतील विवाह, आनुवंशिकता ही कारणे वैद्यकास ठाऊक आहेत. अनेकदा कारण सापडतही नाही.

साहाय्य दूर नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा व विकासातील विलंब यांची तपासणी अंतर्भूत आहे. आपण इंदूरला असा, बडोद्याला वा हैदराबादला, जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करता येते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तर म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था. मुंबईतच १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. भारतातील अशी ती पहिली शाळा मानली जाते.

उपचार करूनही काही मुलांना पुरेसे ऐकू येणार नाही. त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, दुय्यम सोय नव्हे. संडे स्कूलच्या एखाद्या शिक्षिकेने ती शिकून घेतली, तर अशा मुलाला मागच्या बाकावर गप्प बसून राहावे लागणार नाही. आणि बाप्तिस्म्यासाठी वा समर्पणासाठी बाळ आणले जाईल, तेव्हा पाळकसाहेबांनी नाव विचारताना कानांची तपासणी झाली का, हेही हळूच विचारावे.