आईचा मोतीबिंदू थांबेल, पोरीचा डोळा नाही

अरे, पोरगी चार वर्षांची झाली. डावा डोळा नाकाकडे वळतो, हे अख्ख्या पिपरी मेघेला दिसतं. तुला दिसत नाही? दिसतं. तू बघत नाहीस. "मोठी झाली की होईल सरळ, सर." कोणी सांगितलं? आई म्हणते, तिरळं लेकरू नशीबवान असतं. आईचं सोड, ती शाळेत गेली नाही. तू बी.एस्सी. कशाला झालास?

नीट ऐक. नुकत्या जन्मलेल्या बाळाला वीत-दीड वितीपलीकडचं सगळं धूसर असतं. पहिले तीन-चार महिने त्याचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे होतात, ते चालतं. मग मेंदू दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळवायला शिकतो, वस्तू किती लांब आहे ते कळायला लागतं. त्यानंतरही डोळा वळतच राहिला, तर मेंदूपुढे दोन न जुळणारी चित्रं येतात. तो एक ठेवतो, दुसरं टाकून देतो. टाकलेल्या डोळ्याची नजर अधू होत जाते. डोळा मात्र बाहेरून ठणठणीत.

"पण ती कधी तक्रार करत नाही." कशी करेल? दोन डोळ्यांनी बघणं काय असतं, हे तिला ठाऊकच नाही. चांगला डोळा झाकून बघ, म्हणून मी सांगितलं होतं. झाकलास. ती रडली, तिनं हात ढकलला. मग तू काय केलंस? हात काढलास आणि गप्प बसलास. तिच्या आईनं सांगितलं मला. म्हणजे उत्तर तुला त्याच दिवशी मिळालं होतं.

ह्यूबेल आणि वीझेल या दोघांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही महिने मिटून ठेवला. उघडला तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदूतल्या पेशी त्याची दखलच घेईनात. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला, तर काही बिघडलं नाही. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. हे मी तुला वर्गात शिकवलंय. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून तू गिऱ्हाइकाला बजावतोस, पेरणी हुकली तर मागून खताची पोती ओतून फायदा नाही. मग घरात ही अक्कल कुठे जाते? सात वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण चांगला येतो. पुढे येतच नाही असं नाही, पण कष्ट वाढतात आणि हाती कमी लागतं.

आणि तुझी स्वतःची चाळिशी? पेपर लांब धरावा लागला, आठ दिवसांत नाकावर चष्मा आला. डोळ्यातलं भिंग वयानं ताठर होतं, बाकी काही नाही. त्यासाठी वेळ मिळाला! आईच्या मोतीबिंदूची तारीखही ठरली. चांगलं केलंस. पण तिचा मेंदू बघायला लहानपणीच शिकलाय. ऑपरेशन दिवाळीनंतर झालं तरी तिला दिसेल. जिला थांबता येतं तिची घाई, आणि जिला येत नाही तिला तू थांबवून ठेवलंस.

अंगणवाडीत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं चिठ्ठी दिली होती. कुठे आहे ती? "सोयाबीनचा हंगाम होता." बरं. मग कापसाचा. मग लग्नसराई. सेवाग्राम इथून किती लांब आहे? सावंगी किती लांब? नागपूरहून, यवतमाळहून लोक तिथे येतात आणि तुला दारातून जाववत नाही.

खरं कारण मला माहीत आहे. मुलीला चष्मा लागला तर लोक काय म्हणतील, पुढे लग्न कसं जमेल. चार वर्षांच्या लेकीच्या डोळ्यापेक्षा तुला न आलेल्या पाहुण्यांची पडलीय! लाज वाटू दे थोडी.

सोमवारी दुकान बंद ठेव. सकाळीच ओपीडीची चिठ्ठी काढ. बहुधा चष्मा देतील, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगतील. ती रडेल, ओरबाडेल, पट्टी फेकून देईल. आई म्हणेल, कशाला छळता लेकराला. त्या वेळी तू विरघळलास तर माझ्याकडे येऊ नकोस. पट्टी पुन्हा लाव. महिनोन् महिने लाव. किती वाजता निघतोस ते आत्ता सांग.