खोड सांगावी का?

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर साताऱ्याजवळ घटकाभर उभे राहिले, तर एके काळी केवळ मुंबईत दिसणाऱ्या मोटारी आज सहज नजरेस पडतात. तीन टोकांचा तारा मिरवणारी मर्सिडीज आता मोठ्या कारखानदारांपुरती राहिलेली नाही. सातारा-सांगलीकडचे बागायतदार, कंत्राटदार आणि डॉक्टर यांच्या अंगणातही ती उभी असते. मात्र यांतील कित्येक गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताच्या असतात. जुनी वस्तू घेऊन वापरण्यात आम्हांस काही गैर दिसत नाही. ती काटकसरही असू शकते. आमचा प्रश्न वेगळा आहे. अशी गाडी विकताना तिच्याविषयी किती सांगावे?

या गाडीचे आपल्या राज्याशी नाते जुने आहे. १९९५ साली पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली. २००९ पासून हे काम चाकणला चालते. जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक सहसा तीन नावांची तुलना करते : सी, ई आणि एस. सी-क्लास आटोपशीर, ई-क्लास मागच्या आसनाच्या ऐसपैस सुखासाठी नावाजलेली, आणि एस-क्लास या घराण्याची राणी. वय वाढले की तिघींची किंमत उतरते, पण राणीची सर्वांत झपाट्याने. म्हणूनच जुनी एस-क्लास नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळू शकते आणि मोह तेथेच होतो. परंतु गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. एस-क्लास पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर तोललेली असते. वयोमानाने रबराला चिरा पडल्या की रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूस कललेली आढळते. राणी स्वस्तात घरी येते. तिचा इतमाम मात्र पूर्वीच्याच दराने सांभाळावा लागतो.

या तुलनेतून एक गोष्ट ध्यानात येते. गाडी जितकी उंची, तितके तिचे दोष अधिक खोल दडलेले. खरसुंडीच्या बाजारात खिल्लार बैलाचे दात पाहून वय ठरवता येते, चालवून पाहिले की पाय कळतो. पण औताला जुंपताच मध्येच बसकण मारणारा बैल बाजारात ओळखू येत नाही. ती खोड मालकालाच ठाऊक असते. उंची मोटारीची गोष्ट अशीच आहे. रंग उडालेला दिसतो, टायर झिजलेले दिसतात. पण किलोमीटरचा आकडा मागे फिरवला असेल, तर तो नुसत्या नजरेला कळत नाही.

सर्वांत दडून राहणारी खोड पाण्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीतला गाळ धुता येतो, आसने वाळवता येतात, गाडी सुरूही होते. परंतु आतल्या गालिच्याखालून वायरींचे जुडगे गेलेले असते, आणि काही नियंत्रक पेट्याही तेथेच किंवा आसनांखाली बसवलेल्या असतात. त्यांच्या जोडांत शिरलेला ओलावा तांब्याला महिनोन्महिने खात राहतो. मग एखाद्या दिवशी गाडी वाटेतच बंद पडते, किंवा अपघातात उघडावयाची हवेची पिशवी उघडत नाही.

आता एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. त्यांनी सांगलीत कर्ज काढून अशी एक गाडी घेतली. वर्षभराने एका जाणत्या मिस्त्रीने गालिचा उचलला आणि वाळलेला गाळ दाखवला. विकणाऱ्याने पुराचे नावही काढले नव्हते. आता हप्ते थकले आहेत, मुलीच्या शिक्षणाचा खर्च दारात उभा आहे, आणि साताऱ्याचे एक गिऱ्हाईक रोख रक्कम घेऊन यावयास तयार आहे. गाडी सध्या तरी व्यवस्थित चालते. सांगितले, तर काही लाखांचे नुकसान. गप्प राहिले, तर सुटका. अशा रूपाचा प्रश्न धर्मगुरूपुढे येतो तेव्हा त्याच्या तळाशी एकच वाक्य असते : आम्हांलाही कोणी सांगितले नव्हते.

कायदा येथे काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम म्हणते, की नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे. बोलण्याचे कर्तव्यच असेल किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट निराळी. कायद्याने दिलेले उदाहरण घोड्याचे आहे. सदोष घोडा लिलावात विकताना मालक काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक ठरत नाही. परंतु घेणाऱ्याने, “तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष समजेन,” असे बजावले आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच होय. म्हणून घेणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, की संकोच सोडून स्पष्ट विचारा : गाडी पाण्यात होती काय? अपघात झाला होता काय? अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी पाहा. तारा पाहून दिपलेल्या डोळ्यांना पुष्कळदा सत्य नकोच असते. आपली हौस आपणच तपासली पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच विषय घेतला. त्यांच्यापुढेही घोडाच होता. एका डोळ्याने आंधळा घोडा विकताना ते व्यंग बोलून दाखवलेच पाहिजे असे नाही. ते समोर दिसते, मात्र किंमत त्या मानाने उतरवलेली असावी. पण जो दोष दडलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्यास धोका किंवा तोटा संभवतो, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. येथे ते व्यवहारही सोडत नाहीत. दवंडी पिटून दोष जाहीर करावयाची गरज नाही, कारण मग गुण न पाहताच गिऱ्हाईक पळेल. मात्र जो घ्यावयास येईल त्याला तो सांगावा, म्हणजे गुणदोष तोलून तो आपला निर्णय घेईल.

आणि जो स्वतःच फसला आहे त्याचे काय? अजाणता सदोष वस्तू विकणाऱ्याला थॉमस दोषी मानत नाहीत. परंतु दोष कळल्यावर त्याने भरपाई केली पाहिजे, असे ते सांगतात. म्हणजे जबाबदारी जाणिवेपासून सुरू होते. आमच्या त्या कुटुंबाला गालिच्याखालचा गाळ दिसला, त्या क्षणापासून त्यांचे मौन पहिल्या विकणाऱ्याच्या मौनाहून वेगळे उरत नाही. आपल्यावर झालेला अन्याय पुढे ढकलण्याचा परवाना कोणास मिळत नाही. पहिल्या विकणाऱ्याकडे दाद मागावी, ग्राहक आयोगाकडे जावे. पण साताऱ्याच्या माणसाला खरे सांगूनच भाव ठरवावा. तोटा होईल, आणि तो लहान नाही. अशा वेळी हप्त्याला किंवा फीला हातभार लावणे हे शेजाऱ्यांचे आणि धर्मग्रामाचे कर्तव्य आहे. प्रामाणिकपणाची सारी किंमत एकाच घराने भरावी, असे म्हणणारा समाज प्रामाणिकपणा फार काळ टिकवू शकणार नाही.

त्या जुन्या कायद्यात घोड्याचे आणखी एक उदाहरण आहे. घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्याने दोष सांगितलाच पाहिजे, कारण त्या नात्यात बोलणे हे कर्तव्य ठरते. कायद्याने रेषा तेथे आखली, आणि सर्वांसाठी केलेल्या कायद्याला कोठेतरी रेषा आखावीच लागते. पण शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी प्रभूकडून ऐकले आहे, त्यांना ती रेषा पुरेशी नाही. साताऱ्याहून येणारे गिऱ्हाईकही कोणाचे तरी लेकरू आहे, आणि त्या गाडीतून ते आपल्या लेकरांना घेऊन घाट उतरणार आहे.