पुंगळीची पारख

काडतुसातले बाकी सगळे एका बारापुरते. गोळी जाते, दारू जळते, प्रायमर फुटतो. उरते ती पितळी पुंगळी, आणि काडतुसे स्वतः भरणारा नेमबाज पारख करतो ती तिची.

७० भाग तांबे, ३० भाग जस्त. बार होताच पुंगळी फुगून चेंबरला चिकटते आणि वायूची मागची वाट बंद करते. दाब ओसरला की किंचित आक्रसते, म्हणून बाहेर निघते. या दोन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा करू शकते ती टिकाऊ.

चांगली पुंगळी सगळीकडे सारखी टणक नसते. बुडाशी कडक, तोंडाशी मऊ. बूड नरम असेल तर प्रायमरचे घर सैल होते. मान कडक असेल तर ती चिरते. फिनलंडच्या लापुआ कंपनीच्या पुंगळीवर मानेजवळ निळसर-तपकिरी छटा दिसते. नवखा तिला डाग समजतो. ती तावाची, म्हणजे मान मऊ करायला दिलेल्या उष्णतेची, खूण आहे. काही कारखाने ती घासून काढतात; मला ती राहिलेली बरी वाटते, कारण धातूचे काय केले ते तिथे उघड दिसते.

वापराने पितळ आधी कडक होते, मग फाटते. तांबटाचे भांडे मठारताना कडक होते, तसेच हे. मानेला पुन्हा ताव देता येतो. बुडाला मात्र तो ताव लागला तर पुंगळी बाद.

आणि न वापरताही पितळ फाटते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की पडल्या पडल्या तडकत. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण उलगडले: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि पुंगळी घडवताना धातूत कोंडून राहिलेला ताण. पितळाला हलकी ऊब दिली की तो ताण निवळतो. घडवणाऱ्याची घाई अशी पुढच्या पावसाळ्यात बाहेर पडते. अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या चकाकवणाऱ्यांनी हे विसरू नये.

नाव पाहून घेतलेली पुंगळीही ऐसपैस चेंबरपुढे हरते. .३०३ ली-एनफील्ड रायफलच्या अशा चेंबरमध्ये ती दर बाराला बुडाच्या जरा वर ताणली जाते आणि आतून पातळ होत जाते. बाहेरून कधी चकचकीत कडे दिसते, कधी काहीच दिसत नाही. म्हणून टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंत चाचपावी. खाच लागली की वाद संपला. दारूचा भार वाढवून वेग कमावणाऱ्याने तर हे दर वेळी करावे, कारण तो वेग बुडाच्या पितळातून वसूल होत असतो.

बाद केलेली पुंगळी डब्यात ठेवू नये. तिचे तोंड पकडीने चेपून टाकावे, म्हणजे दुसरा कोणी चुकून ती भरणार नाही.