औषधाची गुंगी आणि बंदगी



ज्वर येतो आणि जातो, मोडलेले हाडही काही आठवड्यांत सांधते; परंतु मज्जातंतूंची वेदना इतक्या सहज निरोप घेत नाही. जुन्या मधुमेहामुळे तळपायांत उठणारी आग, नागीण बरी झाल्यावरही त्याच जागी महिनोन्‌महिने टिकणारी जळजळ, चेहऱ्याच्या एका बाजूस विजेसारखी चमकून जाणारी कळ. अशा वेदनांवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. म्हणून वैद्यकतज्ज्ञ गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, कार्बामाझेपीन यांसारखी औषधे देतात. यांतील काही मुळात अपस्माराची, तर काही नैराश्याची औषधे आहेत. सोबतचा कागद वाचून रुग्ण दचकतो, ते यामुळेच. क्षोभलेल्या मज्जातंतूंचे खोटे इशारे शांत करणे, हे त्यांचे येथील काम होय.

पण ही शांतता दुखऱ्या जागेपुरती थांबत नाही. दिवसा डोळे मिटू लागतात, उभे राहताना घेरी येते, शब्द ओठांवर येऊन विसरतात, काहींचे पाय सुजतात, वजन वाढते, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते. ईमानधारक रुग्णाचे दुःख तर याहून खोल असते. नमाजला उभे राहावे आणि तिसरी रकअत की चौथी हेच उमगू नये, ज्या सूरह बालपणापासून मुखोद्गत आहेत त्या मध्येच तुटाव्यात, फज्रची अजान कानी पडूनही शरीर उठू नये. तेव्हा त्याला वाटू लागते की वेदना कमी झाली खरी, पण अल्लाहशी असलेले नातेही औषधाने बधिर केले.

हा विचार सैतानाच्या कामी येणारा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले आहे की दास आजारी पडला किंवा प्रवासात असला, तर तो निरोगी व घरी असताना जी सत्कर्मे करीत असे, तीच त्याच्या नावे लिहिली जातात. ही हदीस सहीह बुखारीत आहे. ज्याने वर्षानुवर्षे रात्री उठून नमाज अदा केली आणि आज गोळीमुळे ज्याला ते जमत नाही, त्याची वही कोरी राहत नाही.

काही हितचिंतक रुग्णास सांगतात, ‘‘गोळ्या फेकून द्या, तवक्कुल ठेवा.’’ हा तवक्कुल नव्हे. औषधोपचार करावेत काय, असे ग्रामीण अरबांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक व्याधीचा उपाय अल्लाहने ठेवला आहे, असे सांगितले. ह. अय्यूब (अ.) यांच्या सब्रचे दाखले आपण देतो, पण त्यांनी आपले दुःख स्वामीपुढे मांडले होते आणि आराम आला तो टाच आपटल्यावर निघालेल्या थंड पाण्याच्या साधनाने, हे सूरह साद सांगते. साधनाविना आरोग्य देणे अल्लाहला अशक्य नव्हते. शिवाय या गोळ्या एकाएकी सोडल्यास झोप उडणे, घाम, घबराट, वेदनेचा उद्रेक आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. सोडावयाच्या असल्यास त्या वैद्याच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने कमी कराव्या लागतात.

दुसरे काही म्हणतात की गुंगी आणणारी वस्तू हराम, म्हणून ही औषधेही हराम. येथे विवेक हवा. मौजेसाठी बुद्धी झाकणे निराळे आणि उपचार घेताना नाइलाजाने सुस्ती येणे निराळे. मात्र नेमून दिलेल्यापेक्षा अधिक गोळ्या कोणी धुंदीसाठी घेऊ लागला, तर त्याला ही सवलत लागू नाही. आणि प्रीगॅबालिनचा असा दुरुपयोग होतो, हे लपवून चालणार नाही.

जखमी सहाबींचा प्रसंग अशा सल्लागारांनी अवश्य वाचावा. डोक्याला जखम असताना त्यांना स्नान आवश्यक झाले. सोबत्यांनी सवलत नाही असे सांगितले, त्यांनी स्नान केले आणि ते मरण पावले. प्रेषित (स.) अत्यंत नाराज झाले; ठाऊक नसेल तर विचारावे, अज्ञानाचा इलाज विचारण्यातच आहे, अशी त्यांची शिकवण सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे.

तेव्हा विचारावे, आणि दोघांना विचारावे: वैद्याला व आलिमला. ॲमिट्रिप्टिलीन झोपण्याच्या वेळी घेण्याऐवजी एक-दोन तास आधी, मगरिबनंतर घेतल्यास सकाळची गुंगी पुष्कळदा कमी होते. तशी मुभा वैद्याकडून घ्यावी. फज्रला उठविण्याची जबाबदारी घरच्या माणसांनी उचलावी. तरीही जाग आली नाही, तर जाग येताच नमाज अदा करावी, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पेंग येत असल्यास आधी झोप घ्यावी, अन्यथा माणूस क्षमा मागावयास जाऊन स्वतःलाच शाप देऊन बसेल, असेही त्यांनी समजाविले आहे. काही भाष्यकारांनी हे नफलबाबत घेतले आहे, फर्जची वेळ मात्र टळू देऊ नये. रकअतींचा घोळ होत असेल तर मन ज्या संख्येकडे ठामपणे झुकते ती धरावी, मन झुकत नसेल तर कमी संख्या धरून शेवटी सजदा-ए-सहू करावा. जमाअतीत तर मोजणीचा भार इमामावर असतो.

घेरी येणाऱ्याने सजद्यातून झटकन उठू नये. उठण्यापूर्वी क्षणभर बसणे कोकणातील शाफई बांधवांकडे सुन्नत म्हणून पाळले जातेच. अशक्त हनफी नमाजीनेही तसे बसण्यास संकोच करू नये. उभे राहणे धोक्याचे झाले तर बसून, तेही न जमल्यास कुशीवर, ह. इमरान बिन हुसैन (र.) यांना प्रेषितांनी (स.) हाच क्रम सांगितला होता. खुर्चीवर बसलेल्या वृद्धाकडे वळून पाहणाऱ्यांनी आपली नजर आवरावी. कमरेचे हाड मोडले तर तो कदाचित मशिदीत पुन्हा येणारही नाही.

वुजूबाबत एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ज्यांचे पाय बधिर आहेत, त्यांना पाण्याची ऊब पायाने कळत नाही. हिवाळ्यात वुजू करताना अशा पायांवर फोड उठतात आणि मधुमेहात त्यांची जखम चिघळते. पाणी आधी कोपराने पाहावे. पाय धुताना बोटांच्या फटी व तळवे डोळ्यांनी तपासावेत आणि नीट पुसून कोरडे करावेत. दिवसातून पाच वेळा पाय पाहण्याची संधी वैद्य सांगूनही कोणी घेत नाही. आपल्याला ती फर्जनेच दिली आहे.

रमजानचा विचार शाबानमध्येच झाला पाहिजे. गॅबापेंटिन बहुधा दिवसातून तीनदा असते. सहरी-इफ्तारमध्ये ते कसे बसवावे, बसते की नाही, मूत्रपिंडांची स्थिती काय, हे वैद्यानेच ठरवावे. रोजा झेपत नसेल तर सूरह अल्-बकराने रुग्णाला इतर दिवसांत गणना पूर्ण करण्याची मुभा दिली आहे, आणि आजार कायमचा असल्यास फिद्‌याचा मार्ग आलिमकडून समजून घ्यावा. इफ्तारनंतर छातीत जळजळ होते म्हणून ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे आम्लनाशक घेणाऱ्यांनी गॅबापेंटिन त्यानंतर किमान दोन तासांनी घ्यावे, नाहीतर औषध पुरेसे शोषले जात नाही. आणि तरावीहसाठी दुचाकीवर निघताना, गोळीने डोळे जड झाले असतील तर, गाडीची किल्ली मुलाच्या हाती द्यावी.