प्रीती आणि तिचा निवेदक

जोसेफ फ्लेचर यांचे ‘सिच्युएशन एथिक्स’ १९६६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यावर उठलेला वाद धर्मशास्त्र्यांचा होता. ख्रिस्ती नीतीत निरपवाद असे काही उरते की नाही, हा त्यातला प्रश्न. वास्तविक तो वाद पुस्तकाहून जुना. प्रसंगनिष्ठ नीतीवर पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये जाहीर टीका केली होती आणि १९५६ मध्ये रोमच्या धर्मपीठाने कॅथलिक शिक्षणसंस्थांत तिच्या अध्यापनास मनाई केली होती. एपिस्कोपल पंथाचे धर्मोपदेशक असलेल्या फ्लेचर यांची भूमिका थोडक्यात अशी : दहा आज्ञांसह सारे नैतिक नियम हे पूर्वानुभवाचे संचित होय, ते जवळ बाळगावेत, पण प्रसंग पडल्यास बाजूला ठेवता यावेत. स्वयमेव चांगली अशी गोष्ट एकच, ती म्हणजे अगापे. मराठी बायबलने जिच्यासाठी ‘प्रीती’ हा शब्द योजला ती शेजाऱ्याच्या हिताची निरपेक्ष इच्छा. ही प्रीती म्हणजे भावनेचा उमाळा नव्हे. ती संकल्पाची वृत्ती आहे आणि तिला हिशेबही करता आला पाहिजे.

व्यक्तिनिष्ठता, परिणामवाद, स्वैराचाराला मोकळी वाट हे या भूमिकेवरचे आक्षेप आता परिचयाचे झाले आहेत. त्यांच्या गर्दीत एक साधी बाब मागे पडते. नियमाला अंतिम प्रमाण न मानणाऱ्या नीतीला उदाहरणांवरच भिस्त ठेवावी लागते. फ्लेचर यांचा युक्तिवाद म्हणूनच सिद्धान्तांपेक्षा गोष्टींवर उभा आहे; आणि गोष्ट कोणी, कोठून, कशी सांगितली हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

त्यांच्या पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरची आहे. मुलांसाठी अन्न शोधायला बाहेर पडलेल्या एका जर्मन स्त्रीला सोव्हिएत सैनिक पकडतात आणि युक्रेनमधील छावणीत पाठवतात. नवरा वेल्समधल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून परततो, पांगलेली तीन मुले गोळा करतो आणि तिचा शोध घेऊ लागतो. छावणीतून सुटण्याचे दोनच मार्ग असतात : तेथे उपचार होऊ शकणार नाहीत असा आजार किंवा गर्भारपण, पैकी घरी परत धाडणारा मार्ग दुसराच. बराच विचार करून ती एका स्नेहशील पहारेकऱ्याला गर्भधारणेसाठी विनवते, सुटते, घरी येते. कुटुंब तिला स्वीकारते. जन्मलेल्या मुलावर तर सर्वांहून अधिक माया करते, कारण त्याच्याचमुळे ते पुन्हा एकत्र आलेले असतात. बाप्तिस्म्यानंतर पतिपत्नी पाळकांना विचारतात, आपले चुकले का?

गोष्ट प्रश्नावर संपते, पण उत्तर तिच्या बांधणीत आधीच बसवलेले आहे. घरी जाण्याचा दुसरा उपाय उरू नये अशी नियमांची रचना निवेदक सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहारेकरी ‘स्नेहशील’ आहे, एवढ्या एका विशेषणावर त्याची सारी बाजू निकालात निघते. त्याला काय वाटले, आपले मूल जगात आहे हे त्याला पुढे कळले का, याला गोष्टीत जागा नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवट गोड आहे. पतीने दार लावून घेतले असते, किंवा छावणीचा नियम मध्येच बदलला असता, तर फ्लेचर यांच्या हिशेबात तीच कृती कोणत्या रकान्यात गेली असती? त्या स्त्रीला दोषी ठरवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पण तिने निर्णय घेतला तो शेवट ठाऊक नसलेल्या गोष्टीत, आणि वाचक त्याला संमती देतो तो शेवट ठाऊक झाल्यावर.

कर्णपर्वातील कौशिकाची गोष्ट मराठी वाचकाला येथे आठवेल. खरे बोलण्याचे व्रत पाळून लुटारूंना माणसांचा ठाव सांगणारा तो तपस्वी नरकात गेला. ती गोष्टही काही निष्पक्ष नव्हे. पण सांगणारा कृष्ण समोर उभा आहे, आणि प्रतिज्ञेपायी युधिष्ठिरावर शस्त्र उचलणाऱ्या अर्जुनाला त्याला थांबवायचे आहे, हे ऐकणाऱ्याला दिसते. फ्लेचर यांचा निवेदक दिसत नाही.

बॉनहोफर यांना फ्लेचर आपल्या बाजूचे मानतात. हिटलरविरोधी कटात सामील झालेला आणि एप्रिल १९४५ मध्ये फाशी गेलेला हा धर्मशास्त्रज्ञ नियमाला चिकटून बसणारा नव्हता, हे खरेच. परंतु मरणोत्तर १९४९ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘एथिक्स’मध्ये नियम मोडणारा माणूस निर्दोष ठरत नाही, इतरांसाठी तो दोष स्वतःवर घेतो आणि क्षमेची वाट पाहतो. फ्लेचर यांना हे उसासे मंजूर नाहीत. प्रीतीपोटी बोललेले खोटे क्षम्य नव्हे, सरळ योग्यच, असा त्यांचा आग्रह आहे. मग ते जोडपे पाळकांकडे गेले तरी कशाला? ज्या व्याकुळतेमुळे त्यांची गोष्ट मनात राहते, तिलाच फ्लेचर यांच्या सिद्धान्तात जागा नाही.

पहारेकऱ्याला गोष्टीबाहेर ठेवणे किरकोळ वाटेल. पण वस्तूंना नव्हे तर व्यक्तींना केंद्रस्थानी ठेवतो असे सांगणाऱ्या याच विचारवंताने १९७२ मध्ये मनुष्यत्वाची लक्षणे मांडणारा लेख लिहिला. त्यात बुद्ध्यंक ४० च्या खाली असल्यास मनुष्यत्व शंकास्पद आणि २० च्या खाली असल्यास ती व्यक्तीच नव्हे, असा निकष आहे. प्रीतीचा हिशेब करायचा तर त्यात कोणाला धरायचे हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवणारा पुन्हा तोच अदृश्य निवेदक असतो.

लूकच्या शुभवर्तमानातील शास्त्री नेमके हेच विचारतो : माझा शेजारी कोण? येशू यादी देत नाही. तो यरीहोच्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्नच फिरवतो : या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याला उत्तर द्यावे लागते. पण तो ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारत नाही, ज्याने दया केली तो, एवढेच म्हणतो.