लक्ष लागणे आणि लक्ष देणे

मन एका ठिकाणी ठरत नाही, ही मानवाची जुनी तक्रार आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तपस्व्याने भरदुपारी संन्याशाला ग्रासणाऱ्या मरगळीचे वर्णन केले आहे. तो पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो, सूर्य किती सरकला ते न्याहाळतो, कोणी बंधू येतो आहे का याची वाट पाहतो. आज ती खिडकी आपल्या तळहातावर आली आहे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि जळगावच्या बाजारपेठेपासून साक्रीच्या पाड्यांपर्यंत ती उघडली.

अवधानाची उणीव व अतिचंचलता हा विकार बालपणीच मूळ धरतो. रूढ निकषांनुसार त्याच्या काही खुणा वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसाव्या लागतात. पुष्कळांच्या बाबतीत तो प्रौढपणीही टिकतो. अशा व्यक्तींमध्ये इंटरनेटचा अतिवापर अधिक आढळतो, असे अनेक अभ्यास सांगतात. परंतु संबंध म्हणजे कारण नव्हे. अस्थिर मनाला क्षणोक्षणी नवे देणारा पडदा ओढून घेत असेल. तसेच रात्रीचे जागरण आणि सततचा व्यत्यय यांनी निरोगी मनही विस्कटत असेल.

मग दोष कोणाचा? आपल्या भाषेत दोन प्रयोग आहेत. 'माझे लक्ष लागत नाही,' असे नवरा म्हणतो. 'तुम्ही लक्ष देत नाही,' असे पत्नी ऐकवते. पहिल्यात माणूस हतबल आहे, दुसऱ्यात जबाबदार. आमच्या मते दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. दृष्टी अधू असणे हा अपराध नव्हे. चष्मा आणणे मात्र आपले काम आहे. म्हणून 'आळशी' हा शिक्का मारणे जसे अन्यायाचे, तसेच आजाराचे नाव सांगून मोकळे होणेही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी १८ रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि पूर्वी अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. त्या एकाग्रतेचे आपण कौतुक करतो, परंतु तिच्या भोवतालच्या भिंती विसरतो. तेथे वार ठरलेला होता, वक्ता एक होता, काम एक होते. अवधान केवळ इच्छेच्या बळावर उभे राहत नाही; त्याला कुंपण लागते.

हे कुंपण एकट्याने घालता येत नाही. जेवताना व निजताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे ठरले, तर ते सर्वांनी पाळावे, आणि आरंभ वडीलधाऱ्यांनी करावा. तक्रार बालपणापासूनची असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

लक्ष लागणे नेहमी आपल्या हाती नसते. परंतु समोर बसलेल्या माणसासाठी ते लागावे अशी व्यवस्था करणे, हेही लक्ष देणेच आहे. आणि प्रेमाची सुरुवात तेथूनच होते.