ऐकणाऱ्याची निष्ठा

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी गेल्या पावसाळ्यात काही कागद घेऊन आमच्याकडे आली. बारावीत शिकणारी, चुणचुणीत, वाचनाची आवड असलेली. इंग्लंडातील विद्यापीठांत न्यायसहायक मानसशास्त्राच्या पदवीसाठी तिला अर्ज करावयाचा होता. "सर, भाषा तेवढी पाहता का?" ती म्हणाली. भाषेत काढण्याजोगा दोष नव्हता. परंतु पहिल्याच वाक्यापाशी आम्ही थबकलो. गुन्हेगाराच्या मनात काय चालते याचे आपल्याला लहानपणापासून कुतूहल आहे, असे तिने लिहिले होते.

तेथील पदवी-प्रवेशाचे अर्ज 'यूकास' या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. २०२६ च्या प्रवेशापासून सलग आत्मनिवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मागितली जातात. हा विषय का शिकावयाचा आहे? आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी कोणती तयारी झाली? शिक्षणाबाहेर आपण काय केले आणि त्याचा उपयोग काय? तिन्ही उत्तरे मिळून ४,००० अक्षरचिन्हांची मर्यादा. वरवर पाहता हा कारकुनी मामला. परंतु त्यातील पहिले 'का' माणसाच्या अंतःकरणाला हात घालते.

दूरचित्रवाणीवरील मालिकांनी या विषयाभोवती एक वलय निर्माण केले आहे. प्रत्यक्षातील काम बरेच संथ आहे. कारागृहात कैद्याशी पुनःपुन्हा बोलावयाचे, त्याच्या हातून पुन्हा हिंसा घडण्याचा धोका अजमावावयाचा, सुधारणेचे उपक्रम चालवावयाचे आणि त्याच्या मुक्ततेचा विचार करणाऱ्या मंडळापुढे लेखी अहवाल ठेवावयाचा. ब्रिटनमध्ये 'न्यायसहायक मानसशास्त्रज्ञ' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. नुसत्या पदवीने ती मिळत नाही. मान्यताप्राप्त पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण, मग देखरेखीखालील प्रत्यक्ष काम आणि त्यानंतर वैधानिक नोंदणी, असा तो लांबचा रस्ता आहे.

कुतूहल हा काही दोष नव्हे. त्यावाचून कोणतेच शास्त्र उभे राहिले नसते. आमची शंका निराळी आहे. वैद्यापुढे रुग्ण बोलतो, धर्मगुरूच्या कानी पश्चात्तापी आपले पाप घालतो, तेव्हा ऐकणारा बोलणाऱ्याशी बांधलेला असतो. न्यायसहायक मानसशास्त्रज्ञाचा कान मात्र दोघांचा असतो. समोरचा माणूस त्याच्याशी बोलतो आणि तो न्यायसंस्थेला सांगतो. ज्याचे कित्येक महिन्यांत कोणी धड ऐकलेले नाही असा कैदी दोन सहानुभूतीच्या शब्दांनी मोकळा होईल आणि त्याच मोकळेपणाची चार वाक्ये अहवालात उतरून त्याची सुटका लांबेल. अशा ऐकण्याला विश्वास म्हणावे की सापळा?

मनाचे दार बळाने उघडण्याचा मोह आपल्याकडेही झाला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषसिद्धीसाठी मेंदूतील विद्युत्-स्पंदनांच्या चाचणीचाही आधार घेतला होता. पुढे २०१० साली 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून केलेली नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी घटनाबाह्य ठरविली. कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, हे तत्त्व न्यायालयाने मनाच्या उंबरठ्यापर्यंत नेले. परंतु औषधाने बोलते करणे जर अन्याय, तर खोट्या मैत्रीने बोलते करणे न्याय कसा ठरावा?

मग हे शास्त्र नकोच की काय? तसे आम्हांस वाटत नाही. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या खाजगी सचिवाला गोळी घातली. छळाच्या भ्रमाने पछाडलेल्या या माणसाला ज्युरीने वेडसरपणाच्या कारणाने निर्दोष ठरविले. लोकक्षोभ उसळला आणि त्यातूनच या विषयाचे नियम न्यायाधीशांना स्पष्ट करावे लागले. त्याच विचाराची छाया भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमात उतरली. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमात ती तरतूद कायम आहे. आपण काय करीत आहोत हे ज्याला कळतच नव्हते त्याला दोषी मानू नये, हे सांगावयास कायदा पुरेसा आहे. ते कळत होते की नाही, हे पाहावयास मात्र कोणीतरी त्या माणसासमोर बसावेच लागते. तसे कोणी बसले नाही, तर संताप आणि तर्क हेच न्याय करतील. समजून घेणे म्हणजे पाठीशी घालणे नव्हे. ज्याच्या घरचा माणूस गेला त्यालाही अखेर सत्यच हवे असते.

हे सारे आम्ही त्या मुलीपुढे मांडले आणि विचारले, "खरे कारण एवढेच का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, माझे मामा सात वर्षे तुरुंगात होते." दारूच्या भरात झालेल्या मारामारीत त्यांच्या हातून एकाचा जीव गेला होता. सुटून आल्यावर घरात कोणी त्या वर्षांचा उल्लेख करीत नाही. एका रात्री ओसरीवर मामा तिच्याशी मात्र बोलले होते. "हे लिहिले तर उत्तर खरे होईल. लिहू का?"

आम्ही हो म्हणणार होतो. उत्तर खरे झाले असते आणि प्रभावीही. पण त्याच क्षणी आमच्या ध्यानात आले की, मघापासून ज्या पेचाविषयी आम्ही एवढे बोललो, तो आमच्या टेबलावर येऊन बसला आहे. मामा भाचीशी बोलले होते, परीक्षकांशी नव्हे. विश्वासाने कानी आलेली गोष्ट ती आता निर्णय देणाऱ्यांपुढे ठेवू पाहत होती. तीही स्वतःच्या लाभासाठी. म्हणून आम्ही एवढेच म्हणालो, "आधी मामांना विचार."

आठवड्याने ती परतली. मामांनी नकार दिला नव्हता. "ते वाचणाऱ्यांना माझ्याबद्दल काय वाटेल?" एवढेच त्यांनी विचारले होते आणि तिला उत्तर देता आले नव्हते. तिने तो मजकूर अर्जात घातला नाही. कुतूहलाचे वाक्यही काढून टाकले. त्याजागी तिने लिहिले की, ज्याचे ऐकावयाचे त्याला आपण कोणासाठी ऐकत आहोत हे आधी कसे सांगावे आणि ते सांगूनही तो बोलेल असे कसे वागावे, हे मला शिकावयाचे आहे.

वाक्य थोडे लांबलेले होते. भाषा तपासण्याचे काम आमच्याकडे असूनही आम्ही त्याला हात लावला नाही.